वीस श्रेयांकांत एक प्रदेश

पेशवेकाळातल्या मोडी कागदावर तारीख अशा धाटणीने लिहिलेली असते : 'छ १२ रमजान, सु॥ सबा सबैन मया व अलफ'. यातला 'छ' म्हणजे चंद्र, आणि त्यापुढचा महिना हिजरी, म्हणजे चांद्र. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. तो मात्र सौर असतो आणि मृग लागताना बदलतो. पुढचे शब्द म्हणजे अरबी आकडे. सबा सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७७. सुहूर सनात ५९९ मिळवले (जानेवारीपासून मृगापर्यंत ६००) की इसवी सन १७७६ येतो, आणि त्या वर्षीचा रमजान पडताळला की तारीख ऑक्टोबरच्या अखेरीस जाऊन बसते.

आता हाच ११७७ कुणी फसली सन (महसुली कामातली वेगळी कालगणना) समजला आणि ५९० मिळवून मोकळा झाला, तर साल निघते १७६७. चूक नऊ वर्षांची. १७६७ साली थोरले माधवराव गादीवर होते. १७७६ साली सवाई माधवराव दोन वर्षांचे होते आणि कारभार बारभाईंकडे होता. गावाला दिलेली सूट, एखाद्या घराण्याकडे आलेले वतन, तळ्याच्या दुरुस्तीचा हुकूम, यांतले जे काही त्या कागदात असेल ते भलत्याच कारकिर्दीत जाऊन पडते. 'सबा' आणि 'सबैन' यांत गफलत झाली तर घोळ याहून मोठा.

ही एक ओळ नीट वाचायला लिपी लागते, कालगणना लागते, महसुली परिभाषा लागते आणि त्या गावाचा भूगोल लागतो. आपल्या विद्यापीठांत या चारही गोष्टी आहेत, पण चार वेगवेगळ्या इमारतींत. इतिहासाच्या एम.ए.ला मोडी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. मराठी विभागात लिपी शिकवली जाते, पण जमाबंदी म्हणजे काय हे तिथे कुणी सांगत नाही. भूगोलाचा विद्यार्थी उपग्रहाच्या प्रतिमा झरझर वाचतो, आणि गावच्या फेरफार नोंदवहीपाशी येऊन थांबतो. म्हणून आमचे म्हणणे आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आपापल्या प्रदेशाच्या अभ्यासाचे एक आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर प्रमाणपत्र सुरू करावे. ते लहान असावे, कठीण असावे, आणि प्रदेशाची कागदपत्रे व बोली वाचता-ऐकता आल्याशिवाय ते कुणाच्याही हाती पडू नये. या शेवटच्या अटीत सूट द्यायची असेल तर अभ्यासक्रम सुरूच न केलेला बरा. तशा पोकळ प्रमाणपत्रांची आपल्याकडे वाण नाही.

ही कल्पना नवी नाही, आणि गंमत अशी की तिचा लाभ महाराष्ट्राला बाहेरून झाला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९४८ साली डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन या संस्कृतच्या पंडिताने दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अभ्यासाचा विभाग उभा केला. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिकेची झोप उडाली, आणि १९५८च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषा व प्रदेश अभ्यास यांच्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ची. तिचे पहिले बिऱ्हाड पुण्यात, डेक्कन कॉलेजात होते. अमेरिकी गव्हाच्या विक्रीतून भारतात साठलेल्या रुपयांतून १९६२पासून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होऊ लागली, त्यांत मराठीही आली. या सगळ्या व्यवस्थेतून जे संशोधक घडले त्यांनी पंढरपूर, महानुभाव वाङ्मय, दलित चळवळ, धनगरांचे देव यांवर मराठीत राहून, मराठी बोलून काम केले.

अमेरिकेत असे प्रमाणपत्र कसे कमावतात ते पाहण्यासारखे आहे. साधारणपणे १२ ते १८ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे चार ते सहा अभ्यासविषय. विद्यार्थी मुळात आपल्या विषयात, म्हणजे राज्यशास्त्रात, सार्वजनिक आरोग्यात किंवा वनशास्त्रात, एम.ए. किंवा पीएच.डी. करत असतो, प्रमाणपत्र त्याच्या जोडीला. त्यातले काही विषय स्वतःच्या विभागाबाहेर घ्यावे लागतात, प्रदेशातली एक भाषा ठरलेल्या पातळीपर्यंत यावी लागते, आणि शेवटी त्या प्रदेशावर संशोधनलेख लिहावा लागतो. भाषेची अट असते म्हणून त्या कागदाला वजन आहे. अमेरिकेने अलीकडे या कामातून हात आखडता घेतला आहे. २०२५ साली हे अनुदान सांभाळणाऱ्या केंद्रीय शिक्षण खात्यातल्या कार्यालयाचा कर्मचारीवर्गच काढून टाकण्यात आला. मराठी शिकायला पुण्यात येणाऱ्यांची वाट त्यामुळे अरुंद होणार. मग हे काम आपणच करायला नको का?

आपल्याकडे प्रदेश अभ्यास म्हटले की परदेश डोळ्यांसमोर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९६०च्या दशकात प्रदेश अभ्यासाची योजना आणली ती अशाच दृष्टीने. १९५५ साली दिल्लीत स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेली. मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिकी अभ्यासाचे केंद्र निघाले. ही कामे मोलाची आहेत. पण भंडाऱ्याचे तलाव, बीडच्या इनामजमिनी, रत्नागिरीची खोती हाही 'प्रदेश' आहे आणि त्यालाही तितकीच शिस्तबद्ध तयारी लागते, हे आपल्या विद्यापीठांनी कधी मनावर घेतले नाही. तसे काम करून दाखवणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची माती, विहिरी, जमिनीचे तुकडे, लोकांचे कर्ज आणि खाणे असे सगळे मोजून १९१७ साली छापले. एका माणसाने एका गावाला इतक्या बाजूंनी विचारलेले प्रश्न आज पाच विभागांत वाटले गेले आहेत.

महाराष्ट्राच्या बाबतीत प्रदेशाचा प्रश्न हा केवळ विद्वानांचा राहत नाही, कारण या राज्याचे कायदेच प्रदेशागणिक वेगळे आहेत. कूळकायदा घ्या. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाला १९४८चा मुंबई कूळकायदा, मराठवाड्याला १९५०चा हैदराबाद कूळकायदा, विदर्भाला १९५८चा वेगळा. विदर्भ हाही एकजिनसी नाही. वऱ्हाड, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाणा-यवतमाळचा भाग, रयतवारीचा, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरणार; नागपूर-भंडारा-चंद्रपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरणार. मराठवाड्यात इनामाला खिदमतमाश, मदतमाश म्हणतात, जमिनीचा जुना पुरावा म्हणून खासरा पाहणी पत्रक काढावे लागते, आणि त्यामागचे निजामी दप्तर उर्दूत, त्याहून जुने फारसीत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचे काम राज्य सरकारने हाती घेतले तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणारी माणसे अचानक शोधावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, नोंद खरी की खोटी, तिचा अर्थ काय, ती कोणत्या सालची, हे सांगणारी माणसे पुरेशी नसणे ही विद्यापीठांच्या दृष्टीने लाजिरवाणी गोष्ट आहे. ती माणसे तयार करायला सत्तर वर्षे हाताशी होती.

प्रादेशिक असमतोलाचेही तसेच. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली जिल्हा हे एकक धरून आणि राज्याची सरासरी ही रेषा धरून ३ हजार १८६ कोटींचा अनुशेष काढला. पुढे १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, केळकर समिती आली. आजही सभेत अनुशेषाचे आकडे फेकले जातात, पण हा आकडा काढताना सिंचन म्हणून काय धरले आणि काय सोडले, हे विचारणारा पदवीधर विरळा. पूर्व विदर्भातले जुने तलाव सिंचनात मोजायचे की नाही, या एका प्रश्नावर जिल्ह्याचे चित्र पालटते. तो प्रश्न अर्थशास्त्रज्ञाला सुचायला त्याने तलाव पाहिलेला असावा लागतो.

तलावाचा विषय निघालाच आहे तर तोच जवळून पाहू, कारण विषयांच्या भिंती कशा आड येतात हे इतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. सरकारी बोलण्यात 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने ते बांधण्यात नाव कमावले. १९५१च्या सुमारास जमीनदारी हक्क गेले, तलाव सरकारजमा झाले. पण गावाचे पाण्यावरचे, चराईचे, मासेमारीचे हक्क निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींत राहिले, आणि १९६६च्या जमीन महसूल संहितेनेही त्या दोन्ही नोंदींना जागा ठेवली. आज त्याच तलावाचे पाणी एका खात्याकडे (लहान असेल तर जिल्हा परिषद, मोठा असेल तर पाटबंधारे), मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बुडातली गाळपेर महसुलाकडे. एकच पाणी, आणि फाइली तीन कार्यालयांत.

आता तीन विद्यार्थी तिथे पाठवा. स्थापत्य अभियंता पाळीची उंची मोजेल, सांडव्याची गळती पाहील, गाळ किती घनमीटर साठला ते काढेल आणि तो उपसायची शिफारस करेल. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की रोहू, कटला, मृगळ सोडल्यापासून स्थानिक जातींचे मासे कमी झाले, काठ बेशरमीच्या झुडपांनी भरला. सरसकट गाळ उपसला तर पाणवनस्पतींच्या मुळ्याही जातील आणि माशांची अंडी घालायची जागा उरणार नाही. कायद्याचा विद्यार्थी निस्तारपत्रक उघडेल आणि सांगेल की ज्या कोपऱ्यात यंत्र उतरवायचे ठरले आहे तिथे गुरे पाणी पितात आणि तशी नोंद आहे. तिघेही आपापल्या जागी बरोबर. तीन वेगळे अहवाल तीन विभागांत जमा होतात, तिघांनाही चांगले गुण मिळतात, आणि तलावाचे काय करावे हे गावाला कुणी सांगत नाही. तिघांनी मिळून एक अहवाल लिहिला, तर भांडण गाळाच्या खोलीवर होईल : कुठे किती काढायचा, कुठला कोपरा सोडायचा, कोणत्या महिन्यात. खरे ज्ञान त्या भांडणात आहे. प्रमाणपत्राने ते भांडण अभ्यासक्रमात आणायचे असते.

आणि भाषा! त्या मुलखात भात म्हणत नाहीत, धान म्हणतात. खाचर नाही, बांधी. रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणी. हलके धान आणि भारी धान यांत पाण्याचा हिशेबच निराळा. भारी धानाला पाऊस सरल्यावरही पाणी लागते, आणि तलावाचे खरे मोल त्याच दिवसांत असते. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली 'भातपिकास किती पाणी देता?' असे विचारते, तेव्हा उत्तर मिळते, पण कोणत्या धानाचे ते कळत नाही. पुढे त्या उत्तरांची सरासरी निघते आणि दोन निरनिराळ्या पिकांच्या बेरजेला 'निष्कर्ष' म्हणतात.

अभ्यासक्रम मग कसा बेतावा? आमच्या मते वीस श्रेयांक. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तासांचे ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकाला सगळे मिळून ३० तास. वीस श्रेयांक म्हणजे ६०० तास. आपली मूळ पदव्युत्तर पदवी करता करता दोन वर्षांत हे साधते. यातले सहा श्रेयांक लिपीला किंवा भाषेला द्यावेत. दोन तात्त्विक, चार प्रात्यक्षिक. तात्त्विकाचा श्रेयांक १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा धरला तर वर्गातले १५० तास होतात. हे जास्त वाटेल, पण यात कात्री लावू नये. आठ-दहा दिवसांचे मोडीचे वर्ग गावोगावी होतात, लोक हौसेने येतात. त्यांतून बाराखडी येते, दप्तर वाचता येत नाही. कारण मोडीत शिरोरेखा आधी ओढून ठेवलेली असते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हे नसतात, आणि मौजे, परगणे, कसबा असे नेहमीचे शब्द एका अक्षरापुढे दोन दंड देऊन उरकलेले असतात. डोळा तयार व्हायला कागदांमागून कागद वाचावे लागतात, तेही वेगवेगळ्या हातांचे. परीक्षा एकच असावी : न पाहिलेला दोन पानांचा कागद, तीन तास, कोश जवळ ठेवायला मुभा, आणि तारखेचे रूपांतर चुकले तर उत्तीर्ण नाही.

लिपी कोणती, हे प्रदेश ठरवील. पुणे-सातारा-नाशिककडे मोडी. मराठवाड्यात मोडीबरोबर उर्दू. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाचा आणि गोव्याचा व्यापार किंवा सरहद्द अभ्यासायची तर पोर्तुगीज टाळता येत नाही. गडचिरोलीत लिपीपेक्षा गोंडी किंवा माडिया बोलता येणे मोठे, मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिलीच्या बोली. बोलींसाठी पुस्तकी परीक्षा कामाची नाही. वीस मिनिटांची मुलाखत दुभाष्याविना घेऊन ती लिहून काढता आली पाहिजे.

चार श्रेयांकांचे एक सामायिक चर्चासत्र. यात दोन विद्याशाखांचे दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात असावेत. सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरा असे नको, कारण तसे झाले की दोघेही आपापल्या जुन्या टिपणांवर वर्ग काढतात आणि सांधा जोडायचे काम विद्यार्थ्यावर पडते. पुढच्या सहा श्रेयांकांत मिळून दोन ऐच्छिक विषय, दोन्ही विद्यार्थ्याच्या मूळ विद्याशाखेबाहेरचे. इतिहासाच्या मुलीने मृदाशास्त्र आणि संख्याशास्त्र घ्यावे. अभियंत्याने जमीनविषयक कायदे आणि लोकसाहित्य. उरलेले चार श्रेयांक क्षेत्रकार्याचे, म्हणजे १२० तास, दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवस. हे वीस दिवस सलग नकोत. दहा दिवस पाऊस संपताच, दहा दिवस एप्रिल-मेमध्ये. ज्याने तलाव फक्त भरलेला पाहिला त्याला गाळपेर ठाऊक होत नाही, आणि ज्याने फक्त कोरडा पाहिला तो भारी धानाविषयी बोलू शकत नाही. मराठवाड्यातले गाव दिवाळीनंतर पाहाल तर अर्धी घरे ऊसतोडीला गेलेली, कुलपे लागलेली. सगळी माणसे भेटायची तर उन्हाळाच गाठायला हवा.

क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी काय हाताशी हवे, हेही लिहून द्यावे लागते, नाहीतर सहल होते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत. तलाठ्याकडून निवडक गटांचे सातबारा, आठ-अ आणि नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जिल्ह्याचे जुने गॅझेटियर. जनगणनेची जिल्हा पुस्तिका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशाही हवा, पण त्याची मर्यादा ओळखून. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दहा हेक्टरचा तलाव तिथे ४० चौरस मिलिमीटर भरतो, दिसतो. अर्ध्या हेक्टरची बोडी (लहान तळे) दोन चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि ती त्या नकाशावर असेलच असे नाही. पूर्व विदर्भात अशा बोड्यांवर कितीतरी घरांचे धान पिकते. क्षेत्रफळाची एककेही आधीच जुळवून घ्यावीत. नवा सातबारा हेक्टर-आरमध्ये, म्हातारी माणसे एकर-गुंठ्यात, जुना कागद बिघ्या-चाहुरात. एकर म्हणजे ४० गुंठे आणि हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, हे पाठ असते. पण बिघा परगण्याच्या काठीवर बदलतो, म्हणून जुन्या बिघ्याचे परस्पर हेक्टर करून तक्ता सजवू नये.

आता हे फसते कुठे? सगळ्यांत आधी विद्यापीठाच्या घडणीतच. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या, त्यांतली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. नाव नेमके तेच. प्रत्यक्षात शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण, समाजकार्य असे विषय तिथे एकत्र ठेवले गेले. ते विषय महत्त्वाचे आहेत. पण इतिहासाचा आणि जलअभियांत्रिकीचा शिक्षक एकाच वर्गात आणण्याची सोय त्यातून होत नाही. प्रत्येक विषयाचे अभ्यासमंडळ वेगळे, आणि दोन मंडळांच्या मधला अभ्यासक्रम कुणाचाच नसतो. शिक्षकाचा कार्यभार त्याच्या विभागात मोजला जातो; दुसऱ्या विभागात घेतलेला तास कुठे धरायचा हे ठरलेले नसते, म्हणून तो तास 'सहकार्य' ठरतो आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतो. मग सगळा अभ्यासक्रम तासिका तत्त्वावरच्या एका तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतो, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हेही माहीत नसते. उपाय साधा आहे आणि तो कागदावर आधी व्हायला हवा : सामायिक वर्गाचा पूर्ण कार्यभार दोन्ही शिक्षकांना मिळेल, असा विद्या परिषदेचा ठराव. तो झाल्याशिवाय जाहिरात काढू नये.

दुसरी खोट म्हणजे चिकटवणे. चार विभागांतले चालू विषय घ्यायचे, वर 'प्रदेश अभ्यास' असे शीर्षक लावायचे. विद्यार्थी मग आपल्या एम.ए.चेच विषय इथेही मोजून घेतो आणि नवे काही न शिकता दुसरा कागद मिळवतो. मूळ पदवीतले फार तर चार श्रेयांक इकडे धरावेत, त्याहून एकही जास्त नको.

काही जाणकार विचारतात की प्रमाणपत्र कशाला, पूर्ण एम.ए.च का नको? कारण व्यवहाराचे आहे. महाविद्यालयात नेमणूक विषयावर होते, नेट-सेट विषयाची असते. प्रदेश अभ्यासाचा एम.ए. झालेला मुलगा इतिहासाच्या जागेलाही चालत नाही आणि भूगोलाच्याही. प्रमाणपत्र हे मूळ विषयाच्या जोडीला येते, त्याची जागा घेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, श्रेयांक पेढीत नोंदही होते. तेव्हा नियमांची अडचण उरलेली नाही. या एका कागदावर नोकरी मिळेल असे मात्र कुणी विद्यार्थ्यांना सांगू नये. वकिलीत, पत्रकारितेत, जलसंधारणाच्या संस्थांत, भूमी अभिलेख आणि पुराभिलेखांच्या कामात त्याने हात बळकट होतो, एवढेच खरे आणि तेवढे पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. प्रदेशाचा अभ्यास म्हणजे प्रादेशिक अभिमानाला खतपाणी, उद्या प्रत्येक विद्यापीठ आपल्या जिल्ह्याचे गौरवगान करील, अशी भीती आहे. ती निराधार नाही. स्थानिक इतिहासाच्या नावाखाली वंशावळी आणि दंतकथा छापल्या जातात हे आपण पाहतो. पण गौरवगान करायला मोडी यावी लागत नाही. मूळ कागद वाचणाऱ्याला लवकरच कळते की आपल्या गावचे दप्तर शेजारच्या परगण्याशिवाय, हैदराबादेशिवाय, नागपूरशिवाय उलगडत नाही. म्हणूनच क्षेत्रकार्यातले दोन दिवस तरी शेजारच्या प्रदेशात, जमले तर पलीकडच्या राज्यात घालवावेत. लातूरच्या विद्यार्थ्याने बीदर पाहावे, गोंदियाच्या विद्यार्थ्याने बालाघाटचे तलाव पाहावेत.

ज्यांना असे प्रमाणपत्र करायचे आहे त्यांनी प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारावे की लिपीचे एकूण तास किती, वाचायला मूळ कागद मिळतात की छापील नमुनेच, क्षेत्रकार्याचा प्रवास आणि मुक्काम कुणाच्या खर्चाने, आणि शेवटच्या लेखाचे परीक्षक किती विभागांचे. खर्चाचा प्रश्न लाजून टाळू नये. वीस दिवसांचा मुक्काम विद्यार्थ्याच्या खिशातून होणार असेल तर शेतमजुराची मुलगी हा अभ्यासक्रम करणारच नाही, आणि त्या गावाची बोली तर तिलाच येते. या खर्चापुरते विद्यावेतन विद्यापीठाने द्यावे. वर्गाला पंधराच विद्यार्थी घेतले तर ही रक्कम एखाद्या परिषदेच्या मांडव-जेवणाहून फार मोठी होत नाही.

शेवटचा लेख आठ ते दहा हजार शब्दांचा, मराठीत. त्याला दोन परीक्षक, दोन वेगळ्या विद्याशाखांचे, आणि दोघांनी एकत्र बसून एकच गुण द्यायचा. वेगवेगळे गुण देऊन सरासरी काढायची नाही. तोंडी परीक्षा विद्यापीठात न घेता त्या गावात घ्यावी, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा शाळेत, ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माणसे समोर बसलेली असताना. चुकीची बांधी, चुकीचे साल, चुकीचे नाव तिथे लगेच पकडले जाते. लेखाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि दुसरी, वाचलेल्या जुन्या कागदांच्या देवनागरी लिप्यंतरासकट, गावच्या दप्तरात ठेवावी.